खांद्याच्या मापाची रायफल

आमच्या व्याह्यांच्या घरात मूल बारा वर्षांचं झालं की त्याला हरणाच्या शिकारीसाठी स्वतःची रायफल मिळते. यंदा पाळी माझ्या नातीची. विस्कॉन्सिनमध्ये यात कुणाला वावगं वाटत नाही. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी, नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम उघडतो आणि पाच लाखांहून जास्त माणसं भडक केशरी जाकिटं घालून रानात शिरतात. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली. इथे मात्र हरणांची संख्या आटोक्यात ठेवायचं काम सरकार परवाने देऊन शिकाऱ्यांकडूनच करून घेतं.

मी मूळचा कराडचा. शिकार करत नाही, पण उभा जन्म मशीन शॉपमध्ये मापं घेण्यात गेला. म्हणून नातीनं जाहीर केलं, “रायफल आबा निवडणार.” आमच्या हिनं एकच अट घातली: मांसासाठी भांडी वेगळी हवीत.

व्याह्यांचा बेत निराळा होता. त्यांच्या वडिलांची .३०-०६ घरात पडून होती. .३० कॅलिबरची गोळी आणि १९०६ साल, असं ते नाव. अमेरिकन लष्करानं घेतलेलं काडतूस, आजही हरणापासून मूसपर्यंत सगळ्याला पुरेसं. “आज जड वाटेल, दोन वर्षांत पेलेल,” असं त्यांचं म्हणणं. जूनमध्ये गणवेश घेताना आपणही हाच हिशेब करतो, वाढत्या अंगाचा घेतो. शर्टाच्या बाह्या दुमडता येतात, रायफलीचा दस्ता दुमडता येत नाही.

दस्त्याचं माप म्हणजे चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर. मोठ्यांच्या रायफलीत ते साधारण साडेतेरा ते पावणेचौदा इंच असतं, मुलांच्या रायफलीत बारा ते साडेबारा. दुकानदारानं नातीला कोपर काटकोनात वाकवायला सांगितलं, रिकामी रायफल घेऊन दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवलं आणि तर्जनी पुढे करायला लावली. बोटाचं पहिलं पेर चापावर अलगद टेकलं पाहिजे. मोठ्या रायफलीवर ते जवळजवळ इंचभर मागेच राहिलं. तीच रायफल खांद्याला लावली तशी नात कमरेतून मागे कलली आणि पोट पुढे आलं. नळी जड, दस्ता लांब, म्हणून तोल सावरायला शरीरच मागे झुकतं. असं उभं राहून चापाला बोट लावलं तर धक्का पेलणार कसा?

वजनाची गंमत अशी की हलकी रायफल उचलायला सोपी, पण धक्का जास्त देते. जड रायफल धक्का गिळते, पण मुलांचे हात थरथरतात. दुर्बिणीसकट तीन-सव्वातीन किलो हा मधला मार्ग. त्याहून हलकी घ्यायची तर काडतूसही सौम्य हवं.

मुलांच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचा हा धक्काच. मध्यम वजनाच्या रायफलीत .३०-०६चा धक्का साधारण १८ ते २० फूट-पाउंड भरतो, .२४३ विंचेस्टरचा ९च्या आसपास, म्हणजे निम्मा. धक्क्याची धास्ती बसली की मूल चाप ओढण्याआधीच डोळे मिटतं, खांदा पुढे ढकलतं आणि नेम ढळतो. इथले प्रशिक्षक ही धास्ती छान पकडतात. मुलाला न सांगता खऱ्या काडतुसांत एखादं नकली मिसळतात. चाप ओढला, नुसतं ‘टक्’ झालं आणि तरीही नळी खाली दचकली, की समजायचं. अशा हातानं सुटलेली गोळी हरणाच्या छातीऐवजी पोटात नाहीतर पायात लागते आणि ते जखमी होऊन रानात निघून जातं. मुलाचं माप बघून रायफल घेणं हा हरणावरचाही उपकार आहे.

काडतुसांत शेवटी दोनच नावं उरली. .२४३ हे १९५५चं. साडेसहा ग्रॅमची गोळी, धक्का कमी, योग्य अंतरावरून छातीत बसली तर हरणाला पुरेशी. पण ती गोळी हलकी, चुकीला जागा कमी ठेवते. दुसरं १९८०चं ७ एमएम-०८. गोळी नऊ ग्रॅमची, धक्का १२-१३ फूट-पाउंड. जिम कॉर्बेट वाचलेल्यांना त्याची ओळख पटकन पटेल: चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर कॉर्बेटना भेट मिळालेली .२७५ रिग्बी ज्या ७×५७ काडतुसावर चालायची, त्याच्या जवळपासचंच हे. याची कमी धक्क्याची काडतुसंही मिळतात. आज ती वापरायची, खांदा भरला की पूर्ण ताकदीची. वाढत्या वयाची सोय करायची ती अशी, काडतुसात. दस्त्यालाही मागे पट्ट्या जोडून लांबी वाढवता येते, पण तशी सोय मुळात आहे का ते घेतानाच विचारावं.

आम्ही घेतली रुगर अमेरिकन कॉम्पॅक्ट, ७ एमएम-०८मध्ये. १८ इंची नळी, साडेबारा इंची दस्ता, रिकामं वजन पावणेतीन किलोच्या आसपास. बोल्ट हातानं मागे ओढून प्रत्येक गोळी भरावी लागते. नवशिक्याला तेच बरं, दुसऱ्या गोळीआधी विचार करायला वेळ मिळतो. दुर्बीण साधी, तीन ते नऊ पटींची. ती बसवताना मात्र नातीला रायफल धरायला लावली. डोळा आणि भिंग यांत साडेतीन इंचांच्या आसपास अंतर हवं. मोठ्यांच्या मापानं बसवली तर मूल मान पुढे काढून बघतं आणि धक्क्यासरशी दुर्बिणीची कड भुवईवर बसते. उजव्या हाताच्या माणसाचाही जोरकस डोळा कधी डावा असतो, म्हणून दोन्ही तळव्यांची खिडकी करून दूरची वस्तू बघायची आणि एकेक डोळा मिटून तपासायचं. नातीचा उजवाच निघाला, काम सोपं झालं.

तरी सुरुवात या रायफलीवर नाही. आधी .२२ रिमफायरवर. हरणावर ती वापरायला मनाई आहे, पण आवाज लहान, धक्का नावाला आणि गोळ्या स्वस्त. कानांवर मफ दोन्ही रायफली चालवताना हवेतच. मोठ्या रायफलीचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो. लक्ष्य म्हणून जेवणाचं कागदी ताट लावायचं, कारण हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण तेवढाच असतो. ज्या अंतरावरून सगळ्या गोळ्या ताटात बसतात, तेच तिचं शिकारीचं अंतर. शेजाऱ्यानं दुप्पट अंतरावरून मारलं, हे तिच्या कामाचं नाही.

कायद्याचंही सांगतो. अठराच्या आतल्या मुलाला परवानाधारक दुकानदार रायफल विकूच शकत नाही. मोठ्यानं स्वतःच्या पैशानं घ्यायची, संघराज्याचा फॉर्म भरायचा, पार्श्वभूमीची तपासणी होते, मग भेट द्यायची. मी नागरिक असल्यानं अडचण नव्हती. नोकरीच्या व्हिसावर आलेल्याला मात्र वैध शिकार परवान्यासारखा अपवाद लागू नसेल तर बंदूक बाळगता येत नाही. नातीनं सुरक्षेचा अभ्यासक्रम पुरा केलाय. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची, नळी सुरक्षित दिशेला, लक्ष्य आणि त्याच्या पलीकडचं नीट ओळखायचं, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर: हे चार नियम ती झोपेतही म्हणते. प्रमाणपत्र असलं तरी बारा-तेराव्या वर्षी सोबत मोठं माणूस हवंच.

रायफल राहते जावयांच्या तिजोरीत, काडतुसं वेगळ्या कपाटात, किल्ल्या त्यांच्याकडे. निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक चौदाच्या आतल्या मुलाच्या हाती लागून काही विपरीत घडलं, तर इथे तो ठेवणाऱ्याचा गुन्हा ठरतो. “रायफल माझी आणि किल्ली बाबाकडे?” नातीनं तोंड फुगवलं. मग विचारलं, “साफ तरी मी करू ना?” त्याला होकार मिळाला: बाबासमोर, बोल्ट बाहेर काढून, चेंबर रिकामं आहे हे आधी बघून आणि मग बोटानं चाचपून.