शॉवर बदलायचा आहे

मुलांनो, तुमच्या न्हाणीघरात शॉवर आहे का? न्हाणीघर म्हणजे तुमच्या उर्दूतला गुसलखाना. काही घरांत बादली आणि तांब्या असतो, आणि त्यात काहीच कमी नाही. पण आता पुष्कळ घरांत भिंतीवर शॉवर दिसतो. नवा असतो तेव्हा त्यातून पावसासारख्या सरळ धारा पडतात. दहा-पंधरा वर्षे गेली, की त्याचे रूप पालटते. निम्मी भोके बुजतात. काही धारा तिरक्या उडून भिंत भिजवतात. चावी बंद केली तरी रात्रभर टप टप चालूच राहते. मग एके दिवशी घरात कोणीतरी म्हणते, "आता हा शॉवर बदलायला हवा."

तुम्ही म्हणाल, हे तर मोठ्या माणसांचे काम. खरे आहे. पण मिस्त्री दारात येतो तेव्हा अब्बा बहुधा कामावर असतात, अम्मी स्वयंपाकघरात असते आणि दार उघडायला तुम्हीच जाता! तेव्हा हे काम नीट समजून घेतलेले बरे.

सर्वांत आधी एक गोष्ट पाहा. शॉवर खरोखर खराब झाला आहे, की नुसता बुजला आहे? बोअरिंगचे पाणी बहुधा जड असते. विज्ञानाच्या पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हणतात. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार असतात. पाणी सुकते, क्षार मागे राहतात आणि भोकांत पांढरा थर बसतो. शिरका, म्हणजे तुमचा सिरका, हा थर विरघळवतो. एका प्लास्टिकच्या पिशवीत थोडा शिरका घ्या, शॉवरचे तोंड त्यात बुडेल अशी ती पिशवी दोरीने बांधा आणि काही तासांनी जुन्या दातघासणीने भोके घासा. कधी कधी एवढ्यानेच काम होते आणि मिस्त्रीची गरजच उरत नाही.

याने गुण आला नाही, तर एक बादली आणि घड्याळ घ्या. वीस लिटरची बादली शॉवरखाली ठेवून पूर्ण उघडा आणि ती किती वेळात भरते ते पाहा. दोन मिनिटांत भरली, तर शॉवर मिनिटाला दहा लिटर पाणी देतो. आता जवळचाच साधा नळ उघडून तीच बादली भरा. नळाला पाणी जोरात आणि शॉवरला मंद असेल, तर दोष शॉवरचा किंवा त्याच्या नळीचा. दोन्हीकडे मंद असेल, तर शॉवर बदलून काही होणार नाही. दोष मागे कुठेतरी आहे. हे दोन आकडे वहीत लिहून ठेवा आणि मिस्त्रीला सांगा. डॉक्टरकडे जाताना ताप मोजून जावे, तसेच हे आहे.

दोष मागे म्हणजे कुठे? भिंतीच्या आत. शॉवर आपल्याला दिसतो, पण तो नळाचे केवळ शेवटचे टोक आहे. जुन्या इमारतींत भिंतीतले नळ लोखंडाचे असतात. त्यांवर जस्ताचा मुलामा असतो, म्हणून ते लवकर गंजत नाहीत. पण वर्षे जातात, जस्त झिजते आणि लोखंड उघडे पडते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. त्यामुळे अर्ध्या इंचाचा नळ आतून अरुंद होत जातो. बाहेरून पाहावे तर भिंत तशीच गुळगुळीत!

आमच्या घरची गोष्ट सांगतो. आमची इमारत भिवंडीत आहे, चाळीस वर्षांपूर्वीची. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. शॉवर गळू लागला, म्हणून मी एका मिस्त्रीला बोलावले. त्याने शॉवरची दांडी हलवून पाहिली, भिंतीवर बोटाने ठोकले आणि म्हणाला, "भाई, आतला नळ सडला आहे. तोही बदलून घ्या." मला वाटले, हा उगाच काम वाढवतो आहे. मी म्हणालो, "नको. फक्त शॉवर बदला."

त्याने दांडीला पाना लावला आणि फिरवला. कट्‌ असा आवाज झाला. दांडी हातात आली, पण तिचे आटे भिंतीतच राहिले. आता भिंत फोडण्याशिवाय इलाज नव्हता. ईद दोन दिवसांवर आली होती आणि घरी पाहुणे यायचे होते. मिस्त्रीने वीतभर भिंत फोडली, तुटलेला तुकडा काढला आणि नवा जोडला. "उद्यापर्यंत हे उघडेच ठेवू या. जोड गळतो का ते कळेल," असे तो म्हणाला. मी ऐकले नाही. त्याच संध्याकाळी सिमेंट भरून घेतले.

पंधरा दिवसांनी खालच्या मजल्यावरच्या खाला वर आल्या. त्या रागावल्या नव्हत्या. एवढेच म्हणाल्या, "बेटा, जरा खाली येऊन बघतोस का?" त्यांच्या छताला परातीएवढा ओला डाग पडला होता. त्याच्या बरोबर खाली त्यांच्या नातवाचे टेबल होते. तो त्या वर्षी दहावीत होता. त्याच्या वह्यांची पाने चिकटली होती आणि वर्षभर लिहिलेली निळी शाई पसरली होती. मी त्या मुलाकडे पाहू शकलो नाही. छताचे प्लास्टर पैसे देऊन करून देता येते. वह्यांचे काय करणार?

दुसऱ्यांदा भिंत फोडली, तेव्हा मी मिस्त्रीचे नीट ऐकले. त्याच्याकडून जे शिकलो, तेच आता तुम्हाला सांगतो.

त्याआधी एक गंमत. नळाचे काम करणाऱ्याला आपण प्लंबर म्हणतो. लॅटिन भाषेत शिशाला 'प्लंबम' म्हणत. प्राचीन रोममध्ये पाण्याचे नळ शिशाचे असत, म्हणून ते काम करणारा प्लंबर झाला. पुढे शिसे विषारी असल्याचे कळले. आता पिण्याच्या पाण्यासाठी शिशाचे नळ कोणी नव्याने घालत नाही, पण नाव मात्र राहिले. आपल्या राज्यात आयटीआयमध्ये हे काम शिकवतात. मात्र कित्येक कुशल कारागीर बापाच्या किंवा उस्तादाच्या हाताखालीच शिकलेले असतात. म्हणून प्रमाणपत्राबरोबर आणखी एक गोष्ट विचारा : "आमच्या मोहल्ल्यात तुम्ही कोणाकडे काम केले आहे?" मग त्या घरी जाऊन दोन शब्द बोला. काम होऊन वर्ष उलटलेले घर मिळाले, तर फारच उत्तम. नवे काम सगळेच चांगले दिसते.

चांगला प्लंबर आल्याबरोबर पाना काढत नाही. तो आधी विचारतो, "तुमची टाकी कुठे आहे?" हा प्रश्न मला पहिल्यांदा विचित्र वाटला होता. पण सगळे त्यावरच अवलंबून असते. पाण्याचा जोर उंचीमुळे येतो. टाकी शॉवरपेक्षा दहा मीटर उंच असेल, तर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो दाब मिळतो. दोनच मीटर उंच असेल, तर त्याचा पाचवा भाग. म्हणून गच्चीवर टाकी असलेल्या इमारतीत तळमजल्याला पाणी जोरात येते आणि सर्वांत वरच्या मजल्याला मंद. छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादची पाणचक्की तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून आणून तिथे उंचावरून सोडत आणि त्या पाण्याच्या जोरावर पिठाचे जाते फिरे. ना पंप, ना वीज. सगळी करामत उंचीची!

आता दुकानात थाळीएवढे मोठे चौकोनी शॉवर मिळतात. ते दिसायला छान असतात. पण वरच्या मजल्यावर पाण्याला जोर नसेल, तर त्यातून धारा न पडता नुसते थेंब ओघळतात. प्लंबर "हा तुमच्याकडे चालणार नाही" म्हणाला, तर रुसू नका. लहान तोंडाचा शॉवर घ्या. त्यात पाणीही वाचते. हिशेब करून पाहा. मिनिटाला पंधरा लिटर देणाऱ्या शॉवरखाली आठ मिनिटे उभे राहिलात, तर एकशे वीस लिटर पाणी गेले. वीस लिटरच्या सहा बादल्या! आठ लिटर देणाऱ्या शॉवरला तेवढ्याच वेळात चौसष्ट लिटर लागतात.

घरात गरम पाण्याचा गीझर असेल, तर आणखी काळजी हवी. भिंतीत आता लोखंडाऐवजी प्लास्टिकचे नळ घालतात, कारण ते गंजत नाहीत. पण थंड पाण्याचे साधे प्लास्टिक गरम पाण्याने मऊ पडते. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी नावाचा वेगळा नळ मिळतो. तोच हवा.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे आणि पुष्कळांना ती ठाऊक नसते. काही जुन्या घरांत विजेची अर्थिंगची तार लोखंडी नळाला बांधलेली असते. नळ जमिनीत जातो, म्हणून चुकून विजेचा प्रवाह गीझरच्या पत्र्यात आला, तर तो त्या वाटेने जमिनीत उतरतो. आता त्या नळाचा मधला तुकडा काढून प्लास्टिकचा घातला, तर काय होईल? वाट तुटेल. नळ नवा, शॉवर नवा आणि धोकाही नवा! म्हणून लोखंडी नळ बदलला, की वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे. काम चालू असताना गीझरचे बटण बंद हवेच. ओल्या हातांनी ते बटण तुम्ही कधीही दाबू नका.

पैशांचे बोलणे कामाआधीच झालेले बरे. सामान कोण आणणार, मजुरी किती, भिंत फोडली तर ती पुन्हा कोण भरणार आणि नवी टाइल कोण बसवणार, हे एका कागदावर लिहून काढावे. भांडणे बहुधा टाइलवरून होतात. सामान आणल्यावर त्यावर आयएसआयची खूण आहे का ते पाहा. मजुरीत फार घासाघीस करू नये, असे माझे मत आहे. ज्याला आपण दोनशे रुपयांसाठी तासभर उभे ठेवतो, तो जोडावर किती वेळ देणार?

काम सुरू होण्यापूर्वी दोन बादल्या पाणी भरून ठेवा, कारण मुख्य चावी बंद करावी लागते. नहाणीच्या जाळीवर फडके अंथरा. नाहीतर सिमेंटचे तुकडे आत जाऊन सांडपाणी तुंबते. मग बाजूला उभे राहून कारागिराचे हात पाहा. जोडण्याआधी तो आट्यांवर पांढरी टेप गुंडाळतो. पूर्वी सुतळी आणि सफेदा लावत. जोड ज्या दिशेने आवळायचा, त्याच दिशेने ती टेप गुंडाळावी लागते. उलट गुंडाळली, तर आवळताना ती सुटून येते.

आमच्याकडे दुसऱ्यांदा काम झाले, तेव्हा मिस्त्रीने शॉवरच्या जागी बूच बसवले आणि मुख्य चावी उघडली. पाणी नळात कोंडले गेले. मग त्याने जुन्या उर्दू वर्तमानपत्राचे तुकडे फाडून प्रत्येक जोडाखाली एक एक खोचला. "आता रात्रभर कोणी हात लावायचा नाही," असे सांगून तो निघून गेला. सकाळी आल्यावर त्याने एक एक कागद काढून खिडकीजवळ उजेडात धरला. चार कागद कोरडे होते. पाचव्याच्या कोपऱ्यात अक्षरे जराशी पसरली होती. त्याने तो जोड खोलून पुन्हा बसवला आणि आम्ही आणखी एक रात्र शेजाऱ्यांकडे जाऊन आंघोळ केली. शेजारी म्हणजे खालच्या खालाच! त्यांचा नातू दार उघडायला आला आणि म्हणाला, "झाले का काम?" मी म्हणालो, "अजून एक दिवस."

भिंत बुजवण्यापूर्वी मिस्त्रीने मला फोटो काढायला लावला. कोणता नळ जमिनीपासून किती उंचीवर आहे, ते त्याने फूटपट्टीने मोजून एका कागदावर काढून दिले. गरम पाण्याचा लाल रेघेने, थंड पाण्याचा निळ्या. उद्या त्या भिंतीवर कोणी टॉवेलसाठी खिळा ठोकायला आला, तर कुठे ठोकायचा नाही हे त्याला कळावे म्हणून. तो कागद आमच्या घरी विजेच्या मीटरशेजारी चिकटवलेला आहे.