दोन नोकऱ्यांमधले घरभाडे

भाड्याच्या घरात राहणाऱ्या पगारदार माणसाची नोकरी गेली की त्याच्याजवळ पैसाच उरत नाही, असे नेहमी घडत नाही. पुष्कळदा भविष्य निर्वाह निधीत रक्कम साठलेली असते, घरमालकाकडे डिपॉझिट अडकलेले असते, कंपनीकडून हिशेब येणे बाकी असते, आणि तरीही पुढच्या पाच तारखेला भाडे कोठून द्यायचे हा प्रश्न उभा राहतो. भाडे दरमहा, बहुधा आगाऊ आणि ठरलेल्या दिवशी द्यावे लागते, तर ही येणी कायद्याने घातलेल्या मुदतींनुसार किंवा कचेऱ्यांच्या सवडीने सुटतात, आणि या दोन वेळापत्रकांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. हातावर पोट असणाऱ्याची अडचण अर्थातच वेगळी आणि अधिक कठोर आहे. परंतु मुंबई, ठाणे किंवा पुण्यातील नोकरदाराच्या बाबतीत नोकरीतला खंड निभावणे म्हणजे मुख्यतः तारखांची जुळवाजुळव करणे होय, आणि ती करताना कायदा त्याच्या बाजूने किती उभा राहतो हे आधी पाहावे लागते.

महाराष्ट्रातील शहरांत आज भाड्याची घरे प्रामुख्याने ‘लिव्ह अँड लायसन्स’ पद्धतीने दिली जातात. लायसन्स म्हणजे जागा वापरण्याची केवळ परवानगी. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यातील व्याख्येप्रमाणे तीमुळे जागेत कोणताही हक्क निर्माण होत नाही, उलट भाडेपट्ट्यात तो निर्माण होतो. सुस्थितीत हा भेद कोणाला जाणवत नाही, पण भाडे थकले की तो फार मोठा ठरतो. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १५ नुसार, पागडीच्या खोलीत राहणाऱ्यासारख्या संरक्षित भाडेकरूचे भाडे थकल्यास मालकाला आधी लेखी नोटीस द्यावी लागते, नोटिशीनंतर नव्वद दिवस दावा लावता येत नाही, आणि दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत थकबाकी, तीवरील १५ टक्के सरळव्याज आणि दाव्याचा खर्च भरून पुढचे भाडे नियमित देत राहिल्यास थकबाकीच्या कारणावरून घर जात नाही. लायसन्सवर राहणाऱ्याला अशी कोणतीही सवड नाही. त्याला जे संरक्षण आहे ते करारात लिहिलेले असेल तेवढेच. आणि मुदत संपल्यावर तो राहत राहिला, तर कलम २४ प्रमाणे मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करून ताबा मागू शकतो आणि मधल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाईही त्याच्या पदरात पडू शकते. अर्थात हा मार्ग अर्जाचा आणि आदेशाचा आहे. कुलूप बदलण्याचा किंवा सामान जिन्यात आणून ठेवण्याचा नव्हे.

हे चित्र एका पिढीपूर्वी नेमके उलटे होते. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी चालू असलेले भाडे हेच ‘प्रमाण भाडे’ मानले होते, आणि त्यामुळे १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा गिरणगावातील जुन्या चाळींमधील खोलीचे भाडे हे संपकरी कुटुंबाच्या खर्चातले सर्वांत जड ओझे नव्हते. किराणा आणि कर्ज ही ओझी त्याहून कितीतरी जड होती. त्याच कायद्याने दुरुस्तीअभावी इमारती खचवल्या आणि नवी घरे भाड्याने देण्याची मालकांची इच्छाही मारली, हे नाकारता येणार नाही. १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर राहत असलेल्यांना एका दुरुस्तीने भाडेकरूचा दर्जा दिल्यावर तर मालकांनी कायमची धास्ती घेतली, आणि आजच्या अकरा महिन्यांच्या, एकतर्फी वाटणाऱ्या करारांमागे त्या धास्तीचा मोठा वाटा आहे.

कायद्याने सवड दिलेली नसल्यामुळे मग कोणते पैसे कधी येतात हे पाहणे आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे राजीनामा, बडतर्फी किंवा कपात यांपैकी कोणत्याही कारणाने नोकरी संपली, तरी देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवे. त्याआधी ‘फुल अँड फायनल’ म्हणजे अखेरच्या हिशेबासाठी महिना-दीड महिना थांबण्याची रीत रुळलेली होती, आणि अशा रिती कायदा बदलल्याबरोबर नाहीशा होत नाहीत. ग्रॅच्युइटी सर्वसाधारणपणे पाच वर्षांच्या सलग नोकरीनंतर मिळते आणि ती देय झाल्यापासून तीस दिवसांत द्यावयाची असते. भविष्य निर्वाह निधीच्या बाबतीत पूर्वी एक महिना बेकार राहिल्यावर ७५ टक्के आणि दोन महिन्यांनंतर उर्वरित रक्कम काढता येत असे. ऑक्टोबर २०२५ मध्ये निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ७५ टक्के रक्कम लगेच आणि उरलेली बारा महिन्यांनंतर देण्याचा निर्णय घेतला. भाड्याच्या दृष्टीने पाहिले तर हा बदल छोट्या खंडाला सोयीचा आणि लांबलेल्या खंडाला गैरसोयीचा आहे. शिवाय पाच वर्षांची सलग सेवा पूर्ण होण्याआधी निधी काढल्यास सामान्यतः कर लागू होतो, त्यामुळे दोन महिन्यांच्या भाड्यासाठी सगळा निधी उपसणे बहुधा महागात पडते.

कमी पगाराच्या कामगारासाठी एक वाट आहे, पण ती फारशी परिचित नाही. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणारे आणि कर्मचारी राज्य विमा योजनेत असणारे कामगार ‘अटल विमित व्यक्ती कल्याण योजने’खाली बेकारीच्या काळात रोख साहाय्य मागू शकतात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आणि वेळोवेळी मुदत वाढवलेल्या या योजनेत प्रारंभी सरासरी दैनिक कमाईच्या २५ टक्के रक्कम मिळे, ती २०२० मध्ये ५० टक्के करण्यात आली. साहाय्य जास्तीत जास्त नव्वद दिवसांचे आणि आयुष्यात एकदाच मिळते, व त्यासाठी विमा-वर्गणी पुरेशा दिवसांची भरलेली असावी लागते. दिवसाला ६०० रुपये सरासरी कमावणाऱ्याला या हिशेबाने तीन महिन्यांत सुमारे २७,००० रुपये मिळतील, आणि एका खोलीचे भाडे त्यातून बऱ्याच ठिकाणी भागू शकेल. माहिती-तंत्रज्ञान कंपनीतला अभियंता मात्र वेतनमर्यादेमुळे या योजनेबाहेर राहतो, आणि ॲपवर काम करणारा डिलिव्हरीवालाही या कक्षेत येत नाही.

या सर्वांहून जवळ असलेला आणि तरीही हात न लावता येणारा पैसा म्हणजे डिपॉझिट. समजा, भाडे २५,००० रुपये आणि डिपॉझिट एक लाख रुपये आहे. म्हणजे भाडेकरूने चार महिन्यांचे भाडे आधीच मालकाच्या हवाली केलेले असते, आणि नोकरी नसलेल्या काळात नेमकी तेवढीच रक्कम त्याला हवी असते. परंतु छापील करारांत ही रक्कम भाड्यात वळती करता येणार नाही असे कलम बहुधा असते, आणि मालकाच्या बाजूने त्यात तथ्यही आहे, कारण सगळे डिपॉझिट भाड्यात जिरल्यानंतर वीजबिल, रंगकाम आणि मोडतोड यांसाठी त्याच्या हाती काही उरत नाही. डिपॉझिट पूर्ण संपवण्याची मागणी म्हणूनच टिकत नाही; एक किंवा दोन महिन्यांचे भाडे त्यातून वळते करावे आणि नवी नोकरी लागल्यावर तेवढी रक्कम ठरावीक हप्त्यांनी पुन्हा भरावी, ही मागणी मात्र बऱ्याच मालकांना पटू शकते. एरवी त्यांच्यापुढे पर्याय असतो तो एखादा महिना घर रिकामे ठेवून नव्या एजंटाच्या मागे लागण्याचा. ही बोलणी पहिले भाडे थकण्याआधी व्हायला हवीत आणि दोघांच्या सह्यांच्या पत्रात उतरायला हवीत. दोन महिने थकल्यानंतर हेच बोलणे सुरू केले तर मालकाला ते विनंतीसारखे न वाटता सबबीसारखे वाटते.

घर सोडून स्वस्त जागेत जाणे हा उपाय वाटतो तितका स्वस्त नाही. लॉक-इन, म्हणजे ज्या काळात कोणालाही करार मोडता येत नाही तो काळ, चालू असेल तर मालक उरलेल्या महिन्यांचे भाडे मागतो. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असून त्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळू शकते, पण हे न्यायालयात मांडण्याची ऐपत आणि उसंत बेकार माणसाकडे क्वचितच असते. त्याखेरीज दलाली, टेम्पो आणि हमाली, नव्या कराराची नोंदणी हे खर्च एकाच महिन्यात येतात. खंड दोन-तीन महिन्यांचा असेल तर बहुतेक हिशेबांत आहे तेथेच राहणे परवडते, आणि तो लांबणार असे दिसू लागले की उशिरा सोडण्यापेक्षा लवकर सोडलेले बरे. चार मित्रांनी मिळून घेतलेल्या फ्लॅटमध्ये आणखी एक गुंता असतो: सर्वांनी एकत्र सही केली असेल, तर करार कायद्याच्या कलम ४३ नुसार मालक कोणाही एकाकडून संपूर्ण रक्कम मागू शकतो, त्यामुळे एकाची बेकारी ही बाकी तिघांची देणेदारी होते.

उसनवारीत व्याजाच्या दरांत फार अंतर आहे. मुदत ठेवीवरचे कर्ज ठेवीच्या दरापेक्षा टक्का-दोन टक्क्यांनी महाग असते आणि सोनेतारण त्याहून थोडे चढे. क्रेडिट कार्डाची थकबाकी मात्र महिन्याला तीन टक्क्यांहून अधिक व्याज खाऊ शकते. पगारदार नोकरांच्या पतसंस्थेचे कर्ज पगारातून कापले जाते, म्हणून नोकरी गेल्यावर ते नव्याने मिळत नाही, आणि म्हणूनच ते आधीपासून चालू असेल तर भाड्याबरोबर त्याच्या हप्त्याचाही विचार करावा लागतो.

भाडे पुढे ढकलणे आणि माफ होणे यांतला फरक करोनाकाळात लख्खपणे पुढे आला. १७ एप्रिल २०२० रोजी राज्याच्या गृहनिर्माण विभागाने मालकांना किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलण्याची आणि त्या कारणाने कोणालाही घराबाहेर न काढण्याची सूचना केली, पण त्यात माफी नव्हती. पुढच्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयानेही एका दुकानाच्या प्रकरणात, टाळेबंदीमुळे भाडे थांबवता येत नाही, फार तर भरण्याची तारीख थोडी सैल करता येते, असे म्हटले. टाळेबंदीसारख्या सार्वत्रिक संकटातही ही स्थिती असेल, तर एका माणसाची नोकरी गेल्याने भाडे थांबण्याची शक्यता उरत नाही.

म्हणून कराराच्या नूतनीकरणाची वेळ, जेव्हा नोकरी चालू असते आणि मालकालाही ओळखीचा माणूस टिकवायचा असतो, ही बोलणीसाठी सर्वांत सोयीची. नोकरी गेल्याचे पत्र दाखवल्यास लॉक-इन सुटावे, नोटीस एका महिन्याची असावी, डिपॉझिटमधून दोन महिने वळते करता यावेत, या अटी तेव्हा मागता येतात. चौथी अट बहुतेक जण विसरतात, ती म्हणजे डिपॉझिट परत मिळण्याची तारीख: जुन्या घराची रक्कम किल्ल्या दिल्यावर मिळते आणि नव्या घराची किल्ल्या मिळण्याआधी भरावी लागते, त्यामुळे निदान निम्मी रक्कम घर सोडण्याच्या पंधरा दिवस आधी परत मिळावी असे करारात असेल, तर त्या पंधरवड्यापुरते कर्ज काढण्याची वेळ टळते.