मुंबईतील घरांचा पुरवठा आणि चटई क्षेत्र निर्देशांक : एक विवेचन

प्रस्तावना :
महानगरातील घरटंचाईची चर्चा सुरू होताच ‘शहरात आणखी दाटी नको’ हा आक्षेप घेतला जातो. या आक्षेपात दोन भिन्न संकल्पनांची गल्लत होते. दिलेल्या क्षेत्रात किती माणसे राहतात, ही लोकसंख्येची घनता. भूखंडाच्या तुलनेत किती बांधकाम आहे, ही बांधकामाची घनता होय. मुंबईत पहिली अतिशय मोठी असून दुसरी नियमांनी मर्यादित राहिली. मुंबईच्या गृहप्रश्नाचे एक प्रमुख कारण या विसंगतीत आहे, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

निर्देशांकाचे कार्य :
इमारतीच्या सर्व मजल्यांच्या एकूण क्षेत्रफळाला भूखंडाच्या क्षेत्रफळाने भागले असता चटई क्षेत्र निर्देशांक मिळतो. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार निवासी बांधकामासाठी तो सर्वसाधारणपणे मुंबई शहरात १.३३ व बहुतांश उपनगरांत १ होता. म्हणजे शहरातील १,००० चौ. मी. भूखंडावर १,३३० चौ. मी. बांधकाम होऊ शके. तेथे १०० माणसे राहिल्यास दरडोई १३.३ चौ. मी. जागा मिळते, २०० राहिल्यास ६.६५ चौ. मी. थोडक्यात, निर्देशांक बांधकामाला मर्यादा घालतो, माणसांच्या संख्येला नव्हे. रोजगारासाठी आलेला माणूस नियमावली पाहून परत जात नाही. तो चाळीतील खोलीत, झोपडीत किंवा विरार-बदलापूरसारख्या दूरच्या ठिकाणी आसरा शोधतो. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईच्या सुमारे १ कोटी २४ लाख लोकसंख्येपैकी ४० टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहत होते.

इतर कायद्यांचा परिणाम :
१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूंना संरक्षण दिले. परंतु भाडी गोठल्यामुळे भाड्यासाठी घरे बांधणे आतबट्ट्याचे ठरले आणि जुन्या चाळींची दुरुस्ती रखडली. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यामुळे अनेक मोकळ्या जमिनी न्यायालयीन वादांत अडकल्या. राज्यात हा कायदा २००७ मध्ये रद्द झाला.

उपायांच्या मर्यादा :
२०१८ मध्ये लागू झालेल्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत मूळ निर्देशांक तेच राहिले. रस्त्याच्या रुंदीनुसार अधिमूल्य भरून किंवा हस्तांतरणीय विकास हक्क घेऊन अधिक बांधकाम करता येते. मात्र हा भार प्रकल्पाच्या खर्चात मिळतो आणि विकासकाचा कल महाग घरांकडे वळतो. २०११ च्या जनगणनेत मुंबईत चार लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली होती. यावरून बांधकाम वाढविणे आवश्यक असले तरी ते पुरेसे नाही, हे लक्षात येते.

निष्कर्ष :
दाटीची खरी झळ अपुऱ्या जागेची, पाण्याची आणि अरुंद रस्त्यांची असते. म्हणून रेल्वे स्थानकांच्या परिसरात पाणी, मलनिःसारण व रस्ते यांच्या क्षमतेसह बांधकामाची घनता वाढविणे आणि लहान, भाड्याच्या घरांना प्रोत्साहन देणे इष्ट ठरेल. अन्यथा शहर चालविणाऱ्या कष्टकरी व अल्पवेतनी वर्गालाच शहरात घर मिळणार नाही.