वादळानंतर बोटीचे फोटो काढताय? मग ही चूक करू नका

३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं. माझ्या मामाची छोटी फायबरची बोट तिकडेच, रायगडमधल्या एका खाडीत बांधलेली होती. वादळात दोर तुटले आणि बोट जेट्टीवर आपटून तिला भोक पडलं. इंजिनात खारं पाणी गेलं.

गावात लाईट नाही, रेंज नाही. मामेभावाने ४ जूनला चाळीसेक फोटो काढले. ५ तारखेला क्रेन मिळाली, म्हणून बोट उचलून वर घेतली. ६ तारखेला तो टेकडीवर गेला, तेव्हा कुठे रेंज आली. फोन फुल झाला होता. मी पुण्यातून सांगितलं, "व्हॉट्सॲपवर टाक आणि फोनमधून उडव, जागा होईल."

इंजिनिअर असून हा सल्ला मीच दिला, आणि तोच नडला.

पुढे विम्याच्या सर्वेअरने विचारलं, भोक वादळात पडलं की क्रेनने उचलताना? आमच्याकडच्या फाइल्सच्या नावात तारीख होती ६ जून, म्हणजे क्रेननंतरची. भोकाचे फोटो एकदम जवळून काढलेले, त्यात आजूबाजूची जागा दिसतच नव्हती. मामा फोनवर म्हणाला, "फोटोत भोक दिसतंय, पण कधीचं ते दिसत नाही म्हणतात." क्लेम लांबला, दुरुस्ती लांबली. नारळी पौर्णिमेनंतर बाकीच्या बोटी समुद्रात गेल्या, मामाची किनाऱ्यावरच राहिली.

नेमकं काय झालं?

फोनने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये चित्रासोबत आणखी माहिती असते. फोटो कधी काढला, कोणत्या फोनने आणि लोकेशन चालू असेल तर कुठे, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. याला एक्झिफ डेटा म्हणतात. गॅलरीत फोटो उघडून 'डिटेल्स' बघा, दिसेल.

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो लहान केला जातो आणि ही माहिती गळून पडते. 'एचडी' निवडलं तरी तेच. एरवी हे चांगलंच आहे, कारण नाहीतर प्रत्येक सेल्फीतून तुमच्या घराचा पत्ता जगाला कळला असता. पण नुकसानीचा पुरावा द्यायचा असतो तेव्हा हेच अंगलट येतं.

रेंज नसताना लोकेशन मिळतं का?

मिळतं! जीपीएसला सिम लागत नाही, नेट लागत नाही. फोन थेट उपग्रहांचे सिग्नल ऐकतो. नेट असलं की उपग्रह कुठे आहेत ही माहिती फोनला आयती मिळते. नसेल तर ती उपग्रहाकडूनच घ्यावी लागते, आणि उपग्रह ती सेकंदाला फक्त ५० बिट इतक्या हळू पाठवतो. म्हणून मोकळ्या आकाशाखाली काही मिनिटं थांबा. मॅप उघडा, निळा ठिपका स्थिर झाला की मगच कॅमेरा उघडा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन टॅग चालू आहे ना, तेही बघा.

फोटो कसे काढायचे?

१. बोट हलवण्याआधी काढा. आधी लांबून, जेट्टी किंवा ओळखीची खूण दिसेल असा. मग चारही बाजूंनी. मग नुकसानीजवळ जा.

२. आयएनडी-एमएचपासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि इंजिन नंबर फोटोत येऊ द्या.

३. भोकाशेजारी पट्टी धरा, म्हणजे आकार कळतो.

४. नोंदणी क्रमांकापासून भोकापर्यंत न थांबता एक व्हिडिओ काढा. भोक याच बोटीचं आहे, हे त्यातून स्पष्ट होतं.

५. पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा आणि समोरच्याला डिटेल्स तपासायला सांगा. काही फोनमध्ये तेव्हाही लोकेशन निघून जातं. त्यामुळे काम संपेपर्यंत मूळ फोटो उडवू नका. जागा हवी असेल तर गाणी उडवा, सिनेमे उडवा.

एक लक्षात ठेवा, एक्झिफ बदलताही येतो. तो पंचनाम्याची जागा घेत नाही, फक्त तुमच्या बोलण्याला आधार देतो. आणि वादळाआधी धडधाकट बोटीचे फोटो काढून ठेवलेत, तर तुलना करायला सोपं जातं.

फोटोपेक्षा जीव मोठा

वादळानंतरची जेट्टी फसवी असते. फोटोच्या नादात या गोष्टी विसरू नका:

• हलणारी बोट आणि जेट्टीची भिंत यांच्या मध्ये उभं राहू नका. एका लाटेत माणूस चिरडला जातो.

• पाण्यात तुटलेली वायर पडलेली असू शकते. त्या बाजूचा वीजपुरवठा बंद असल्याची खात्री झाल्याशिवाय पाण्यात उतरू नका.

• पाण्यावर डिझेलचा तवंग असेल किंवा वास येत असेल, तर विडी-सिगारेट, काडेपेटी लांब ठेवा.

• बुडालेलं इंजिन 'बघू चालतंय का' म्हणून चालू करू नका. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. आधी मेकॅनिकला बोलवा. उशीर करू नका, कारण खाऱ्या पाण्याने गंज लवकर चढतो.

• क्रेन लावण्याआधी बोटीतलं पाणी उपसा. एक घनमीटर पाणी म्हणजे १,००० किलो. दोन घनमीटर राहिलं तर पट्ट्यांवर दोन टन वजन जास्त येतं. आधीच तडकलेली बोट त्याने तिथेच मोडू शकते.

मामाची बोट आता पुन्हा चालते. आता दरवर्षी पावसाळ्याआधी होडी झापांनी शाकारायच्या दिवशी मामेभाऊ चारही बाजूंनी फोटो काढतो आणि मला डॉक्युमेंट म्हणून पाठवतो. मी डिटेल्स उघडतो, तारीख आणि ठिकाण बघतो, आणि मगच त्याला अंगठा पाठवतो.

तुमच्या ओळखीत कुणाची बोट असेल, तर त्यांच्या फोनमधली लोकेशन टॅगची सेटिंग आजच चालू करून द्या. वादळ आल्यावर त्यासाठी वेळ मिळत नाही.