एका नळीभर रक्तात कर्करोग कळतो का?



चाकणच्या आरोग्य शिबिराविषयी एक सूचना वारंवार येते: “रक्ताच्या एका तपासणीत कॅन्सर कळतो म्हणे. आपल्या ठाकर, कातकरी बांधवांसाठी तीच ठेवा.” सूचनेमागची कळकळ पोहोचली. म्हणून ही तपासणी मुळात काय आहे, ते पाहू.

गाठीतल्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात उतरतात. कधी अख्ख्या पेशीच सुटून रक्तात फिरतात. त्यांचा शोध घेणे म्हणजे लिक्विड बायॉप्सी. आपल्या नाशिकच्याच दातार कॅन्सर जेनेटिक्सच्या स्तनकर्करोगाच्या अशा तपासणीला २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ‘ब्रेकथ्रू’ दर्जा दिला. अभिमानाचीच गोष्ट, पण हा दर्जा म्हणजे मंजुरी नव्हे, छाननी लवकर व्हावी म्हणून दिलेली सवलत.

अडचण अशी की गाठ लहान असेल तर रक्तात तुकडेही थोडेच असतात. अमेरिकेतील ‘गॅलेरी’ या तपासणीच्या २०२१ च्या अभ्यासात पहिल्या टप्प्यातले १०० पैकी जेमतेम १७ कर्करोग सापडले, चौथ्या टप्प्यातले ९०. म्हणजे जिथे लवकर कळायला हवे, तिथेच चाळणीची भोके मोठी. ‘काही नाही’ असा कागद हातात पडला की मिश्री लावणारी बाई तोंडातली जखम आणखी वर्षभर अंगावर काढील, ही आमची खरी भीती. आणि दोष निघालाच, तरी स्कॅन व गाठीची तपासणी चुकत नाही. तेवढे दिवस मजुरी बुडते ती वेगळी.

याउलट, उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ खेड्यातल्या स्त्रियांवर अभ्यास केला. गर्भाशयमुखाच्या स्रावाची एकदाच एचपीव्ही तपासणी केलेल्या गटात त्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तपासणीत दोष आढळलेल्यांना उपचारही मिळाले, हे त्यातले महत्त्वाचे.

तिशीपुढच्यांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांच्या कार्यक्रमात आहेच. तेव्हा आपली देणगी रक्ताच्या नळ्यांपेक्षा गाडीभाड्याला, बुडालेल्या मजुरीला आणि रुग्णालयात सोबत बसणाऱ्या माणसाला लावावी, असे आमचे मत आहे. सुट्टीच्या दिवशी सोबत करू शकणाऱ्यांनी नाव जरूर कळवावे. स्त्रिया असतील तर फारच बरे.