पाठीचे कवच रोजच्या प्रवासात हवे काय?

नागपूर : नागपूरचा दुचाकीस्वार ऋतूप्रमाणे स्वतःला झाकत असतो. संक्रांतीच्या आगेमागे नायलॉन मांजाच्या धास्तीने त्याच्या गळ्याभोवती जाड दुपट्टा येतो. काही जण तर हँडलवर तारेची कमान बसवून घेतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातलेला हा मांजा अजूनही दर जानेवारीत माणसे जखमी करतो, त्यामुळे ही खबरदारी अनाठायी म्हणता येणार नाही. मे महिन्यात डोळे तेवढे उघडे ठेवून डोके, चेहरा आणि हात दुपट्ट्यात गुंडाळले जातात. पाठ मात्र बारा महिने एका सुती सदऱ्याच्या भरवशावर असते.

गेल्या काही वर्षांत हे चित्र थोडे बदलले आहे. रविवारी पहाटे वर्धा मार्गाने किंवा अमरावती मार्गाने लांबच्या सहलीला निघणाऱ्या तरुणांच्या जाकिटाखाली कासवाच्या पाठीसारखे कवच दिसू लागले आहे. ‘बॅक प्रोटेक्टर’ या नावाने ते दुकानांतून आणि ऑनलाइन विकले जाते. मग सीताबर्डीहून हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत रोज ये-जा करणाऱ्यानेही ते वापरावे काय, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. वापरल्यास फायदा आहे, हे खरे. परंतु ज्या इजेच्या भीतीने बहुतेक जण ते विकत घेतात, ती इजा हे कवच क्वचितच टाळू शकते. ही मर्यादा लक्षात घेतल्याशिवाय पैसे खर्च करणे म्हणजे खोट्या निर्धास्तपणाची खरेदी ठरेल.

शर्यतीच्या मैदानातून रस्त्यावर

हे कवच मुळात शर्यतपटूंचे. १९७५ मध्ये अमेरिकेतील डेटोना येथे सराव करताना ब्रिटिश शर्यतपटू बॅरी शीन प्रचंड वेगात असताना कोसळला. त्यानंतरच्या काळात पाठीच्या संरक्षणाचा विचार गांभीर्याने सुरू झाला आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस इटलीतील डायनीज कंपनीने एकावर एक पट्ट्यांच्या रचनेचे कवच बाजारात आणले. पुढे शर्यतींमध्ये ते सर्रास झाले. आता मोटोजीपी शर्यतींत त्याच्याही पुढची पायरी, म्हणजे पोशाखातच फुगणारी हवेची पिशवी, २०१८ पासून बंधनकारक आहे.

रस्त्यावर वापरण्याच्या कवचासाठी युरोपात ‘ईएन १६२१-२’ हे मानक आहे. त्याची चाचणी समजण्यास सोपी आहे. पाच किलो वजनाचा ठोकळा साधारण एक मीटर उंचीवरून कवचावर टाकला जातो आणि पलीकडच्या बाजूस किती जोर पोहोचतो ते मोजले जाते. हा जोर सरासरी १८ किलोन्यूटनपेक्षा कमी राहिला तर ‘लेव्हल १’ आणि ९ किलोन्यूटनपेक्षा कमी राहिला तर ‘लेव्हल २’. नऊ किलोन्यूटन म्हणजे सुमारे ९०० किलो वजनाइतका क्षणिक दाब! चांगल्यातल्या चांगल्या कवचातूनही एवढा दाब पाठीपर्यंत पोहोचू शकतो, असा याचा सरळ अर्थ आहे. मार सौम्य होतो. नाहीसा होत नाही.

कणा मोडतो कसा?

माणसाच्या पाठीचा कणा मानेतील सात, छातीच्या भागातील बारा आणि कमरेतील पाच मणके, तसेच त्याखालील एकमेकांस जुळलेली हाडे, असा बनलेला असतो. त्यातून जाणारा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. दुचाकीच्या अपघातांत छातीच्या भागातील मणक्यांना होणारी इजा वारंवार आढळते. मात्र ती बहुधा पाठीवर थेट काही आदळल्याने होत नाही. स्वार डोक्यावर किंवा खांद्यावर पडतो, मागून शरीराचा भार येतो आणि कणा एकदम पुढे वाकतो, पिळवटतो किंवा उभ्या दिशेने दाबला जातो. कमरेवर आपटल्यास खालून वर तसाच दाब येतो. वाकणे, पिळवटणे आणि दाबले जाणे या तिन्ही गोष्टी पाठीवर बांधलेल्या पट्टीला थोपवता येत नाहीत. मान तर तिच्या कक्षेतच येत नाही.

मग तिचा उपयोग कोठे? रस्ता दुभाजकाची कड, विजेचा खांब, पदपथाचा दगड किंवा स्वतःच्याच गाडीचा एखादा भाग पाठीत बसतो तेव्हा. अशा थेट माराने बरगड्या मोडणे, मणक्यांची मागची टोके तुटणे, स्नायू चेचले जाणे हे कवचामुळे टळू शकते किंवा कमी होऊ शकते. नागपुरात हा मुद्दा दुर्लक्षिण्याजोगा नाही. सिमेंटचे रस्ते झाले, पण अनेक ठिकाणी रस्त्याची कड आणि बाजूची जमीन यांच्या पातळीत फरक राहिला. चाक त्या कडेवरून घसरले की स्वार पडतो तो कठीण आणि टोकदार कडांच्या मधोमध.

शहरातील पडण्याचे गणितही पाहण्यासारखे आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारा स्वार घसरून पडला, तर जमिनीवर आदळण्याचा त्याचा वेग ५० नसतो. बसण्याची उंची जेमतेम एक मीटर धरली, तर तो ताशी सुमारे १६ किलोमीटर वेगाने खाली आदळतो. उरलेला वेग घसरत जाण्यात खर्च होतो. त्यामुळे वाटेत काही आडवे आले नाही तर सर्वाधिक नुकसान त्वचेचे होते आणि ते तळहात, कोपर, गुडघे व घोट्यांवर होते. पडताना माणूस आधी हातच टेकतो, हे सांगण्यास तज्ज्ञाची गरज नाही. फ्रान्सने नोव्हेंबर २०१६ पासून दुचाकीस्वारांना प्रमाणित हातमोजे सक्तीचे केले, ते याच कारणाने.

ऑस्ट्रेलियात अपघातग्रस्त २१२ मोटारसायकलस्वारांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. दुचाकीसाठी बनवलेले जाकीट, विजार आणि हातमोजे घालणाऱ्यांवर रुग्णालयात दाखल होण्याची वेळ कमी आली, असे त्यात आढळले. पण त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष ग्राहकाने अधिक ध्यानात ठेवावा: अपघातात सुमारे तीस टक्के जाकिटे फाटली किंवा निकामी झाली.

उन्हाचे काय?

नागपूरकराचा खरा आक्षेप शास्त्राला नाही, उन्हाला आहे. २०१३ च्या मे महिन्यात येथील पारा ४७ अंशांपलीकडे गेला होता. ४५ अंशांत पाठीवर प्लॅस्टिक किंवा फोम बांधून सिग्नलला उभे राहणे हा विनोदाचा विषय नाही. शरीर थंड ठेवण्याचे काम घामाचे, आणि तो वाळला नाही तर चक्कर, थकवा आणि मंदावलेले लक्ष हेच अपघाताचे कारण होऊ शकते. जाळीदार जाकीट आणि छिद्रे असलेले कवच गाडी चालू असताना सुसह्य असते, थांबल्यावर नाही. म्हणून मे महिन्याच्या भर दुपारी शहरात दोन-तीन किलोमीटर जाणाऱ्याने कवच घातले नाही, तर त्याला दोष देता येणार नाही. बुटीबोरी, कामठी किंवा काटोलकडे महामार्गाने रोज जाणाऱ्याचा हिशेब वेगळा आहे. तेथे वेग जास्त, शेजारी ट्रक, आणि जाण्याची वेळही बहुधा सकाळची.

उन्हाचा आणखी एक पैलू विक्रेते क्वचितच सांगतात. आजची पुष्कळशी कवचे एरवी मऊ राहून आघात होताच कठीण होणाऱ्या पदार्थाची असतात. तापमान वाढले की त्यांचे गुण बदलू शकतात. युरोपीय मानकात ४० अंश तापमानाची एक ऐच्छिक चाचणी आहे आणि ती उत्तीर्ण झालेल्या कवचावर ‘टी+’ अशी खूण असते. विदर्भात घेताना ही खूण शोधलीच पाहिजे. कवच उन्हात उभ्या गाडीवर टाकून ठेवणेही टाळावे.

अनेक जाकिटांच्या पाठीच्या खिशात जे मिळते ते कवच नसतेच. ती साध्या फोमची गादी असते. खांद्या-कोपरांत प्रमाणित कवचे आणि पाठीत फोम, असा हा व्यवहार उघडपणे चालतो. गादी बाहेर काढून तिच्यावर मानकाचा क्रमांक आणि ‘लेव्हल’ छापली आहे का ते पाहावे. लांबीही आपल्या पाठीच्या मापाची हवी. आखूड कवच कमरेच्या वरच संपते. एकदा जोराचा मार बसल्यावर ते बदलावे.

आणि पाठीवरची सॅक? ती कवचाचे काम करते, हा गैरसमज आहे. स्टीलचा डबा, लॅपटॉपचा चार्जर किंवा कुलूप बरोबर मणक्यांवर टेकलेले असेल, तर पडताना तोच कठीण भाग पाठीत घुसतो. असे सामान डिकीत किंवा गाडीच्या बाजूच्या पेटीत ठेवणे बिनखर्चाचे आहे.

हेल्मेटआधी पाठ नव्हे

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ७४,८९७ दुचाकीस्वार रस्त्यावर मृत्युमुखी पडले. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती. त्यांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमात केवळ हेल्मेटची सक्ती आहे, पाठीच्या कवचाची नाही, आणि या आकड्यांपुढे ते रास्तच वाटते. महाराष्ट्रात मागे बसणाऱ्यांच्या हेल्मेटवर स्वतंत्र कारवाई करण्याचे आदेश नोव्हेंबर २०२४ मध्ये निघाले. तरीही आपल्या शहरात मागे बसलेली पत्नी किंवा आई बहुधा पदराच्या भरवशावर असते. (दुपट्टा बांधण्यासाठी मात्र कोणत्याही कायद्याची गरज पडलेली नाही.) ज्या घरात कवच घेण्याइतके पैसे आहेत, तेथे दुसरे आयएसआय चिन्हाचे हेल्मेट आधी यावे. त्यानंतर हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट, मग जाकीट, आणि जाकिटात पाठीचे कवच.

कण्याला दुसरा धोका असतो तो पडल्यानंतरचा, आणि त्यावर कोणतेच कवच चालत नाही. चार जण धावून येतात, जखमीला बखोटीला धरून बसवतात, पाणी पाजतात आणि रिक्षात कोंबून मेडिकलकडे निघतात. हेतू चांगला असतो. पण मणका मोडलेला असेल तर या उचलाउचलीत मज्जारज्जूला इजा होऊन हातपाय कायमचे लुळे पडू शकतात. वाहनांचा किंवा आगीचा धोका नसेल तर जखमीला हलवू नये, डोके व मान आहे त्या स्थितीत स्थिर धरावी, श्वास नीट चालू असल्यास हेल्मेट ओढून काढू नये. हलवणे अटळच असेल तर तिघा-चौघांनी मिळून डोके, धड आणि पाय एका रेषेत ठेवूनच हलवावे. राज्यात २०१४ पासून सुरू असलेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला फोन करावा. मदत करणाऱ्यामागे पोलिसांचे झंझट लागेल ही जुनी भीती आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेले कलम १३४-अ सद्भावनेने मदत करणाऱ्यास दिवाणी व फौजदारी जबाबदारीपासून संरक्षण देते.