निळ्या फुग्याला हात लावू नका

पावसाळ्यात जुहूच्या चौपाटीवर कधीकधी वाळूत निळे फुगे पडलेले दिसतात. पोरं उचलायला धावतात. मंडळी, तो फुगा नव्हे! तो समुद्रातला जीव. ‘ब्लू बॉटल’ म्हणतात त्याला. लोक जेलीफिश समजतात, पण हे बारीक बारीक जिवांचे एकत्र कुटुंब आहे. कोणी तरंगायचे, कोणी शिकार धरायची, कोणी पचवायची.

त्याला पोहता येत नाही. वरची फुगीर पिशवी हेच त्याचे शीड. वारा नेईल तिकडे जायचे. म्हणून नैऋत्येचा वारा सुटला की तो किनाऱ्याला लागतो. खाली निळे दोरे लोंबतात, त्यांत विषाच्या कुप्या. त्या इतक्या बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत. दोरा अंगाला लागला की कुपी फुटते, आतली सुई टोचते. जीव मेला तरी कुप्या जाग्याच असतात, बरं का! ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईत कितीतरी जणांना असा डंख झाला.

डंख झाला तर वाळूने चोळू नका, उरलेल्या कुप्याही फुटतील. समुद्राच्या पाण्याने धुवा. दोरे काडीने काढा. मग सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग २० मिनिटे धरा. लघवी लावा म्हणतात, ते खुळ ऐकू नका. धाप लागली तर मात्र थेट दवाखाना गाठा.